तैमीची साक्ष

प्रिय तैमी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते टेबलावर तसंच ठेवलं असशील, आणि दोन कप कॉफी पिऊन झाल्यावरच फोडलं असशील. घाबरू नकोस, मी भांडायला लिहीत नाहीये. भांडायचंच असतं तर चर्चच्या दारात, सगळ्या गावासमोर भांडले असते. तेवढी जीभ मला आहे हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक?

आधी इकडची खबर. मी हल्ली हार्डवेअरच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहते. जिना बाहेरून आहे. त्यावर बर्फ साचतो आणि घरमालक तो काढायला हटकून विसरतो, म्हणून फावडं मी दाराशीच ठेवते. खोल्या उबदार आहेत, तक्रार नाही. खिडकीतून तळं दिसत नाही, पेट्रोलपंप दिसतो. वाफेच्या अंघोळीची सॉना नाही, ते मात्र अजून खटकतं. शनिवारची संध्याकाळ झाली की अंग आपणहून वाट बघायला लागतं. मग मी बादलीत कढत पाणी घेते, पाय सोडून बसते आणि स्वतःलाच हसते. शेजारच्या गावातल्या किराणा बाजारात गल्ल्यावरचं काम अजून टिकून आहे. दिवसभर उभं राहून घोटे सुजतात, पण तिथे कोणाला उचलावं लागत नाही, आंघोळ घालावी लागत नाही, आणि ओळखीचं झालेलं माणूस एक दिवस पलंगावरून नाहीसं होत नाही.

घर विकलं ते तुझ्या कानावर आलंच असेल. तळ्याकाठची आमची खोपटी त्याच्याही आधी गेली. शिकागोच्या एका दंतवैद्याने घेतली. माणूस वाईट नाही, पण वाटेवर साखळी बांधून ‘खाजगी’ अशी पाटी लावलीय. माझ्या नवऱ्याने, आर्व्होने, स्वतः तोडलेल्या देवदाराच्या ओंडक्यांची ती खोपटी, आणि तिथे जायला आता मला परवानगी लागणार. बरं झालं, हे बघायला तो नव्हता.

तैमी, आपण दोघी एकाच आठवड्यात वृद्धाश्रमात कामाला लागलो होतो. तो तेव्हा सरकारी होता. हिरवे कोट घालून आपण आरशासमोर उभ्या राहिलो आणि तू म्हणालीस, “अगं, आपण वाटाण्याच्या शेंगा दिसतोय!” तेव्हापासून म्हाताऱ्या आपल्याला शेंगाच म्हणायच्या. तुझी मुलगी नातीला तुझ्या पदरात टाकून निघून गेली तेव्हा तू माझ्या स्वयंपाकघरात रडलीस, आणि आर्व्हो बिचारा तुझ्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत बसला. माझ्या पोटी लेकरू नाही, म्हणून तुझ्या त्या नातीचे, ब्रिटाचे, पहिले लोकरीचे बूट मी विणले. हे सगळं तुला ठाऊकच आहे. पण नंतरचं जे घडलं ते तुला फक्त तुझ्या बाजूने ठाऊक आहे. माझ्या बाजूचं मी तुला कधी सांगितलंच नाही.

आश्रम कंपनीने घेतला, एका मजल्यावर चौघींच्या जागी दोघी आल्या आणि प्रेंटिस मॅनेजर म्हणून आला. मला तो आवडायचा, खरंच सांगते. पोरसवदा, अदबशीर, प्रत्येक म्हातारीला नावाने हाक मारणारा. त्याच सुमारास आर्व्होचं विसरणं सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग वर्षं. ज्या खाणीत तो जन्मभर राबला ती बंद होऊन किती काळ लोटला, पण त्याच्या डोक्यात ती पुन्हा चालू झाली होती.

त्या दिवशी दुपारी मी मिस हापालांना सूप भरवत होते. पोरांना पाढे न आल्यास पट्टी मारणाऱ्या त्याच मिस हापाला, ज्यांना आता तोंड उघडायचं सांगावं लागायचं. तेवढ्यात रूडीचा फोन आला. आमच्या शेजारच्या रूडीचं बोलणं तुला माहीत आहे, घसा फोडून बोलणारा माणूस. “व्हर्ना, तुझा नवरा सपाता घालून रस्त्याने निघालाय! हातात जेवणाचा डबा आहे, म्हणतो खाणीतली पाळी चुकेल. मी धरायला गेलो तर मलाच मारायला उठला!” बाहेर बर्फाचं वादळ होतं, तुला आठवतं. मी प्रेंटिसकडे धावले. तो तुझ्या शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “जा, व्हर्ना, जा. नवऱ्याकडे बघ. इथलं आम्ही सांभाळतो.” आणि चमचा तू माझ्या हातातून घेतलास. माझा कोट तूच खुंटीवरून काढून माझ्या अंगावर टाकलास आणि म्हणालीस, “हळू चालव गं.”

दुसऱ्या दिवशी मी कामावर आले तर पाळीच्या फलकावर माझं नाव नव्हतं. प्रेंटिस माझ्याकडे न बघता म्हणाला, की वरच्यांचं म्हणणं पडलं, तू रुग्णांना वाऱ्यावर सोडून, पाळी अर्ध्यात टाकून गेलीस. मी म्हटलं, “अरे, पण तूच सांगितलंस ना!” तो म्हणाला, “माझ्या हातात काही नाही, व्हर्ना.” तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. वाईट माणसाचे कान लाल होत नाहीत. भित्र्याचे होतात.

मी बेकारी भत्त्याचा अर्ज केला. जन्मात पहिल्यांदा सरकारकडे हात पसरत होते, पण कचेरीतली मुलगी म्हणाली, “मावशी, हात कसले पसरताय? हा तुमच्याच कष्टावर भरलेला विमा आहे.” भत्ता मंजूर झाला. मी आर्व्होजवळ घरी राहून दुसरं काम शोधू शकत होते. आणि मग कंपनीने हरकत घेतली. मला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं, आता कळतं. जितकी काढलेली माणसं भत्ता घेतात, तितका मालकाला जास्त कर पडतो. म्हणून कंपनीने परराज्यातली एक एजन्सीच नेमली होती. तिचं काम एकच, येईल त्या अर्जावर हरकत घ्यायची. माणूस खरं बोलतोय की खोटं, ते तिने बघायचं नसतं. दहातले चार जण दमून गप्प बसले तरी तिचं पोट भरतं. मी गप्प बसले नाही, कारण मला भत्त्याहून त्यांच्या हरकतीतलं एक वाक्य जास्त लागलं होतं: ‘असहाय वृद्धेस जेवणाच्या मध्यावर सोडून गेली.’ मिस हापालांना? मी?

सुनावणी फोनवर होती. मी स्वयंपाकघरात बसले, चांगला झगा घालून, केस विंचरून, जणू न्यायाधीशबाईंना मी दिसणार होते. आर्व्हो आत रेडिओशी बोलत होता. एजन्सीचा माणूस गोड आवाजाचा होता. आपल्या गावाचं नाव त्याने प्रत्येक वेळी वेगळं घेतलं. प्रेंटिस म्हणाला, “मी तिला घरी फोन करून चौकशी करायला सांगितलं होतं, जायला नाही.” मी घाबरले नाही, तैमी. मला वाटलं, बोल बाबा बोल, अजून तैमी यायची आहे. त्यांनीच तुला साक्षीदार म्हणून बोलावलंय म्हटल्यावर मला तर हसू आलं होतं. म्हटलं, यांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

न्यायाधीशबाईंनी तुला शपथ दिली. विचारलं, “त्या वेळी तुम्ही तिथे होतात?” तू म्हणालीस, “होते.” “मॅनेजरनी मिसेस मात्तिलांना जायला सांगितलं का?” मग तू गप्प. इतकी गप्प, की बाईंनी विचारलं, फोन तुटला का? मला तुझा श्वास ऐकू येत होता. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून माणसं उचललेल्या बाईचा श्वास ओळखू येतो. मग तू म्हणालीस, “मला काही ऐकू आलं नाही.”

बाई भल्या होत्या. त्यांनी मला म्हटलं, “मिसेस मात्तिला, साक्षीदाराला काही विचारायचं असेल तर तुम्हाला हक्क आहे.” तैमी, माझ्या ओठांवर तुझं नाव होतं. चमचा कोणी घेतला? कोट कोणी दिला? दोन प्रश्न पुरेसे होते. पण मला दिसलं, की मी विचारलं तर तुला दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागेल, किंवा खरं बोलून उद्या घरी बसावं लागेल. आणि ब्रिटाचं इन्सुलिन कंपनीच्या विम्यावर येत होतं. हे मला त्या क्षणी सुचलं असं सांगून मी मोठेपणा घेत नाही. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं, की माझ्या तोंडून शब्द फुटत नाहीये. मी म्हटलं, “काही विचारायचं नाही.” आतून आर्व्होने हाक मारली, “कोण आहे गं फोनवर?” मी म्हटलं, “तैमी आहे.” तो खूश होऊन म्हणाला, “तिला म्हणावं, जेवायलाच ये!”

निकाल विरुद्ध गेला. मिळालेला भत्ता परत करायची नोटीस आली. पुढे दाद मागता आली असती, लोक म्हणालेही. पण पुढे जायचं म्हणजे तुला खोटी ठरवायचं, आणि रागाने पेटलेली असूनही मला ते जमेना. राग होता, तैमी. तुला वाटेल त्याहून मोठा. तुझी गाडी दिसली की मी रस्ता बदलायची. एकदा बाजारात तू पाठमोरी दिसलीस, तर मी सामानाची अर्धी भरलेली ढकलगाडी तशीच टाकून बाहेर आले.

मग मला परगावी गल्ल्यावरचं काम धरावं लागलं, आणि आर्व्होला घरी एकटं ठेवणं शक्य राहिलं नाही. दोनदा तो खाणीच्या कुंपणाशी सापडला. पंचक्रोशीत वृद्धाश्रम एकच. ज्या दारातून मला काढलं त्याच दारातून मी माझ्या नवऱ्याला आत घेऊन गेले. त्याचं सामान लावायला जी बाई आली ती तू होतीस. तू खाली बघत त्याचे शर्ट टांगलेस. आपण एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. पुढेही नाही. सव्वा वर्षाच्या वर मी रोज त्या खोलीत आले आणि तू रोज तिथून निघून गेलीस.

पण मला डोळे आहेत. त्याची दाढी रोज केलेली असायची, कानामागचा साबणसुद्धा पुसलेला. दोघींच्या जिवावर अख्खा मजला असताना हे कधी होतं, ते मला ठाऊक आहे. पाळी संपल्यावर होतं. एकदा मी दाराबाहेर होते. तो तुला म्हणत होता, “व्हर्ना, आज थंडी आहे का गं?” आणि तू ओ दिलीस. “आहे हं, आर्व्हो. स्वेटर घालूया.” मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला आधी संताप आला, की हिने माझं नावही घेतलं. आणि मग, का कोण जाणे, बरं वाटलं. तो हाक मारतो तेव्हा कोणीतरी ओ देतंय.

शेवटी शेवटी त्याला नीट गिळता येईना, घास घशात अडकेल म्हणून सगळं वाटून, पातळ करून देत होते. करड्या रंगाचं काहीतरी. तो तोंड फिरवायचा. त्या रविवारी मी पर्समधून वेलदोड्याचा गोड पाव नेला. त्याच्या आईच्या रीतीने केलेला. कॉफीत बुडवून अगदी मऊ केला आणि चिमटी चिमटीने त्याला भरवत होते. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, “आई आली का?” तेवढ्यात तू दारात आलीस. तू सगळं पाहिलंस. मला वाटलं, आता वरच्यांना जाऊन सांगणार ही. नियम तुला पाठ होते, मलाही होते. तू दाराची मूठ धरून क्षणभर उभी राहिलीस, आणि दार हलकेच ओढून बंद केलंस. बाहेरून.

दोन महिन्यांनी तो गेला. डॉक्टर म्हणाले, खाणीच्या धुळीनेच फुप्फुसं संपली होती, एवढे दिवस काढले हेच विशेष. मी पोचले तेव्हा त्याचा हात तुझ्या हातात होता. तू तो माझ्या हातात दिलास आणि निघून गेलीस. दफनाला तू शेवटच्या बाकावर होतीस, नंतरच्या कॉफीला थांबली नाहीस. मी मागे वळून बघितलं नाही. वळायला हवं होतं असं आज वाटतं, पण तेव्हा मान वळली नाही, हे खरं.

गेल्या आठवड्यात आश्रमातला आपला स्वयंपाकी एल्रॉय माझ्या गल्ल्यावर आला. बटाटे ठेवता ठेवता म्हणाला, “तैमीचं कळलं ना?” मी म्हटलं, “मला तिचं काही जाणून घ्यायचं नाही.” तो म्हणाला, “मग बटाट्यांचं तरी ऐक, बाई. तिला काढली. तुझ्या नवऱ्यावरून काढली.” मागे रांग लागली होती. मी हात थांबवले. त्याने सांगितलं, की त्या रविवारी मी गेल्यावर नवीन सुपरवायझरबाईला पांघरुणावर पावाचे तुकडे दिसले. तिने विचारलं, “कोणी दिला?” आणि तू म्हणालीस, “मी.” “का गं असं म्हणालीस?” असं एल्रॉयने तुला विचारलं, तर तू त्याला म्हणालीस म्हणे, “व्हर्नाचं नाव घेतलं तर तिला भेटायला येऊ देणार नाहीत. त्याच्याजवळ किती दिवस उरलेत?” तेव्हा तुला ताकीद मिळाली, आणि तो गेल्यावर, माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा, तीच ताकीद पुढे करून तुला घरी पाठवलं. रांगेतला एक गृहस्थ खाकरला. एल्रॉय त्याला म्हणाला, “थांबा हो, इथे माणूस रडतंय.”

मग त्याने उरलेलं सांगितलं, आणि त्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले. तुझा भत्ता मंजूर झाला आणि कंपनीने हरकत घेतलीय. तीच एजन्सी. म्हणणं काय, तर जाणूनबुजून रुग्णाच्या जिवाशी खेळ. पुढच्या मंगळवारी सुनावणी आहे, आणि तू फोन उचलणारच नाहीस म्हणतेस. एल्रॉयला म्हणालीस, “मी एकदा त्या फोनवर बोलले आहे. माझ्या तोंडाने आता काय सांगणार?” तैमी, फोन उचल. उचलला नाहीस तर मिळालेलंही परत मागतील, आणि एक खोटं वाक्य तुझ्या नावापुढे कायमचं राहील. ते अंगाला कसं चिकटतं, मला विचार. तुझ्याकडे आलेल्या कागदावर कचेरीचा नंबर असेल. उद्याच तिथे फोन करून साक्षीदार म्हणून माझं नाव दे, आणि पाकिटाच्या मागे लिहिलाय तो माझा नंबर सांग. मंगळवारची सुट्टी मी मागून घेतलीय. माझं ऐकून न्यायाधीश काय ठरवतील, मला सांगता येत नाही. तो गोड आवाजाचा माणूस म्हणेल की ही तिची मैत्रीण आहे. तेव्हा मी सांगेन, की आम्ही दोघी दोन वर्षं बोललेलो नाही. मी तुला माफ केलं का, हेही मला सांगता येत नाही. शोधते तर कधी सापडतं, कधी नाही. पण तिथे ते कोणी विचारणार नाही. विचारतील ते एवढंच, की आर्व्होला तो पाव कोणी भरवला. आणि ते मी मोठ्याने सांगणार आहे. तूही फोनवर राहा, म्हणजे तुला ऐकू येईल.

तुझीच,
व्हर्ना